चाचणीचा निरोप

तो दुकानात शिरला तोच छत्रीशी भांडत. बाहेर सकाळपासून पावसाची रिपरिप, छत्रीची एक काडी निसटलेली, आणि ती काडी नेमकी दाराच्या जाळीत रुतून बसलेली. अर्धा माणूस आत, सगळी छत्री बाहेर.

"पेंटर आहेत का?" त्याने त्या अवस्थेतच विचारलं.

"आधी छत्री सोडा," ती टेबलामागून म्हणाली.

"सोडली तर उडून जाईल."

"मग असेच उभे राहा. दारातून वारा येत होता, तो तरी थांबलाय."

तो हसला, आणि हसण्याच्या नादात छत्री जाळीतून आणि हातातूनही सुटली. रस्त्यावर दोन कोलांट्या खाऊन ती समोरच्या पायरीशी जाऊन पडली. दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्याने ओला चष्मा काढला आणि पुसायला काहीतरी शोधू लागला. शर्ट ओला, रुमाल ओला. तिने कीबोर्ड पुसायचा पिवळा फडका पुढे केला. चष्म्याशिवाय त्याचे डोळे आत्ताच झोपेतून उठल्यासारखे दिसत होते… आणि ते तिच्या दिशेने, पण तिच्या जरा डावीकडे बघत होते.

"पेंटर कधी येतील?" त्याने तिच्या डावीकडच्या कपाटाला विचारलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. तेव्हा इंटरनेट फोनच्या तारेतून यायचं, आणि येण्याआधी किंचाळायचं. इंटरनेट चालू असलं की फोन बंद, आणि फोन चालू असला की इंटरनेट बंद. घरून आईला काही विचारायचं असेल तर तिला तासभर वाट पाहावी लागे. तिच्या टेबलावर एक गलेलठ्ठ मॉनिटर होता. त्याच्या डोक्यावर हिवाळ्यात हात शेकता येत. लोकांच्या वेबसाइट बनवून देणं हा तिचा धंदा, आणि तो ती एकटी चालवायची. गिऱ्हाइकं मोजकी, पण टिकून होती: एक दाताचे डॉक्टर, एक फरशीवाले, पोहायला शिकवणाऱ्या एक बाई. जागा मात्र वडिलांची. वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. अर्ध्या दुकानात त्यांचे ब्रश, अर्ध्या दुकानात तिचा कॉम्प्युटर, असं चार वर्षं चाललं होतं. आता सगळं दुकान तिचं होतं, आणि ब्रश डब्यात उभे होते.

पेंटर कधी येतील, हा प्रश्न तिला नवा नव्हता. वडील पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात सही करायचे, खाली दुकानाचा पत्ता. ते पत्ते अजून गावभर लोकांना इकडे पाठवत होते. सुरुवातीला तिने दोघातिघांना खरं सांगून पाहिलं. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, तो उगाचच हळू आवाजात बोलू लागायचा, आणि मग तिलाच त्याची समजूत घालावी लागायची. म्हणून तिने एक वाक्य तयार केलं होतं. त्यात खोटं काही नव्हतं.

"त्यांनी पाट्या करणं सोडलंय," ती म्हणाली.

"अरेरे. म्हणजे आता घरीच असतात?"

इथे तिने बोलायला हवं होतं. ती नुसती फोनची वायर सरळ करत राहिली.

"मी शहराच्या दुसऱ्या टोकाला चष्म्याचं दुकान टाकलंय," तो म्हणाला. "पाटी कुणाकडून करून घ्यावी म्हणून सगळ्या दुकानांच्या पाट्या वाचत हिंडलो. सात आवडल्या. सातही पाट्यांवर हाच पत्ता."

तिने फडका परत घेतला. सात! बाबांना हे किती आवडलं असतं.

"पाटी रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसते," ती म्हणाली. "मी करते ती पाटी घरी बसलेल्याला दिसते. करू का?"

"आणि ज्याला मुळातच कमी दिसतं त्याला?"

"त्याच्यासाठी तुम्ही आहात ना."

चष्मेवाल्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "तुमचे डोळे लाल आहेत."

"ही ओळख करून घ्यायची पद्धत आहे?"

"नाही, नाही… हा धंदा आहे. सवय झालीये. माफ करा."

*

त्याची वेबसाइट चार पानांची होती. तिला वाटलं होतं दोन आठवड्यांत हातावेगळी होईल. पण चष्मेवाल्याला रंग पसंत पडेना. निळा दाखवला तर म्हणाला दवाखान्यासारखा वाटतो. हिरवा दाखवला तर म्हणाला औषधाच्या दुकानासारखा. दर वेळी तो स्वतः यायचा. फोन का करत नाही विचारलं, तर म्हणाला, "तुमचा फोन कधी लागतो?" हे खरं होतं. आणि दर वेळी तो खुर्ची तिच्या खुर्चीपासून बरोब्बर एक हात लांब ठेवायचा, मग रंग नीट दिसत नाही म्हणून अर्धा हात पुढे यायचा.

"आता सांगा. हा बरा की हा?" ती दोन चित्रं शेजारी शेजारी लावून विचारायची.

"हे वाक्य माझं आहे. दिवसातून शंभर वेळा मी हेच विचारतो."

"मग लोक काय सांगतात?"

"घाबरतात. चुकीचं उत्तर दिलं तर नापास होऊ असं वाटतं त्यांना. मी सांगतो, इथे चूक-बरोबर काही नसतं, तुम्हाला काय दिसतंय तेवढंच सांगा."

"मग तुम्हीही तेवढंच सांगा. काय दिसतंय?"

तो स्क्रीनकडे पाहायचा. निदान सुरुवात तरी स्क्रीनपासून करायचा.

"पिवळा आणखी थोडा…" तो म्हणायचा.

"म्हणजे परत यावं लागेल तुम्हाला. परवा."

"यावंच लागेल," तो फार दुःखाने म्हणायचा.

सातव्या वेळी त्याने पहिल्या दिवशीचा निळा पसंत केला. तिने तो लावून दिला. ज्या गिऱ्हाइकाने फरशीच्या फोटोत फरशी कमी दिसते अशी तक्रार केली होती, त्याच्यावरही ती रागावली नव्हती. मग इथे तर रागावण्यासारखं काही नव्हतंच.

*

आता तिच्या एका सवयीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या सवयीतून झालं.

प्रत्येक वेबसाइटवर एक फॉर्म असतो. नाव लिहा, ईमेल लिहा, निरोप लिहा, 'पाठवा' दाबा. तो चालतो की नाही हे बघण्यासाठी बनवणाऱ्याला आधी स्वतःच एक खोटा निरोप पाठवावा लागतो. लोक कखग लिहितात, एकदोनतीन लिहितात. तीही तसंच लिहायची. पण वडील गेल्यानंतरच्या पहिल्या कामात नावाच्या रकान्यात तिच्या बोटांनी आपोआप वडिलांचं नाव लिहिलं. खाली त्यांचा ईमेल लिहिला. पेंटरांना स्वतःचा ईमेल होता. तो त्यांनी हट्टाने करून घेतला होता, कारण त्यातलं ते गोल शेपटीवालं चिन्ह त्यांना पाटीवर रंगवायला हवं होतं. दोन दिवस त्यांनी नुसती त्या शेपटीची वळणं गिरवली. प्रत्यक्षात त्या पत्त्यावरून उभ्या आयुष्यात त्यांनी चार मेल पाठवले असतील, आणि चारही तिने टाइप केले होते.

निरोपाच्या रकान्यात तिने त्या दिवशी लिहिलं, 'पोरी, जेवलीस का?' आणि 'पाठवा' दाबलं.

अर्ध्या मिनिटात तिच्या मेलमध्ये वडिलांचं नाव आलं. ठळक अक्षरात, न वाचलेलं.

तेव्हापासून तिचे सगळे फॉर्म वडीलच तपासत होते. दाताच्या डॉक्टरांचा, फरशीवाल्यांचा, पोहण्याच्या वर्गाचा. एकदोन ओळी असायच्या. स्वेटर घातलास का. आईशी भांडू नकोस. काम चोख झालं की ती फॉर्ममधला स्वतःचा पत्ता काढून तिथे गिऱ्हाइकाचा घालायची, आणि वडील पुढच्या कामापर्यंत गप्प व्हायचे. कुणाला कळण्याचं काही कारण नव्हतं. कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

चष्मेवाल्याच्या बाबतीत ती चुकली. पत्ता बदलून झाला होता. कॉम्प्युटर बंद करणार, तेवढ्यात 'पाठवा'चं बटण जरा वर सरकलंय असं तिला वाटलं. ते खाली घेतलं आणि सवयीने एकदा तपासून पाहिलं. 'पोरी, डोळे किती लाल झालेत तुझे. दिवा लावून बसत जा. आणि डबा तसाच परत आणू नकोस.'

अर्धं मिनिट झालं. एक मिनिट झालं. तिच्याकडे काही आलं नाही.

मग तिला आठवलं, फॉर्ममध्ये आता चष्मेवाल्याचा पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने वडिलांची मेलपेटी उघडली. तीन वर्षांत तिथे जाहिरातींखेरीज काही आलं नव्हतं. आज आलं होतं.

'काका, नमस्कार. तुम्ही मुलीला लिहिलेला निरोप चुकून माझ्याकडे आला. मी तिचं गिऱ्हाईक, चष्मेवाला. तुमच्या सात पाट्या मी रस्त्यात उभं राहून पाहिल्या आहेत. डोळ्यांचं मीही तिला पहिल्याच दिवशी बोललो होतो, पण ते काही बरं दिसलं नाही. तुमचा निरोप पोचवू का? मी रंग सात वेळा बदलून घेतल्यामुळे माझं ती ऐकेल असं वाटत नाही.'

तिने ते तीनदा वाचलं. खरं तर दोन ओळींचं उत्तर द्यायचं होतं: माफ करा, तो चाचणीचा निरोप होता. पण 'काका, नमस्कार' या दोन शब्दांपाशी ती अडकली. कुणीतरी बाबांशी बोलत होतं. बाबांबद्दल नव्हे, बाबांशी. ते घरी आरामखुर्चीत बसले असतील आणि चष्मा शोधून हे वाचतील, असं जगात एका माणसाला वाटत होतं. तो माणूस चुकत होता, आणि तिला त्याची चूक मोडवेना.

तिने वडिलांच्या पत्त्यावरून लिहिलं, 'निरोप पोचवू नका. मी सांगेन तिला. रंग आठव्यांदा बदलून घ्या. तिला सवय व्हायला हवी.'

एकदाच, ती स्वतःला म्हणाली. पाठवताना तिला हसू येत होतं, आणि हसू येतंय याचं तिला नवल वाटत होतं.

*

एकदाच कुठलं! आठवड्यात तीन मेल झाले, महिन्यात नऊ. चष्मेवाला काकांना विचारायचा, पाटीवरची अक्षरं लांबून सारखी दिसावीत म्हणून ते काय करायचे. ती वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेलं सगळं आठवून लिहायची: गोल अक्षर जरा मोठं काढावं लागतं, नाहीतर ते बिचारं चेपलेलं दिसतं. चष्मेवाला लिहायचा, त्याचे वडील तो चालायला शिकायच्या आधीच गेले. धंदा मामाकडे शिकला. मामा फक्त चुकलं की बोलायचा. 'मोठ्या माणसाला सहज म्हणून काही विचारायची मला सवय नाही, काका. चुकून आगाऊपणा झाला तर सांगा.'

आणि तो दुकानातही येतच होता. वेबसाइट पूर्ण झाली होती, तरी काही ना काही निघायचं. फोटो बदलायचा, वेळ बदलायची. काकांनी 'निरोप पोचवू नका' सांगितलं होतं, म्हणून तो तिच्यापाशी त्या मेलांविषयी अवाक्षर काढत नसे. फक्त आला की पहिल्यांदा भिंतीवरचं बटण दाबून दिवा लावायचा.

"दिवसा कशाला दिवा?" ती विचारायची.

"असंच. मला कमी दिसतं."

"चष्मेवाल्याला?"

"चष्मेवाल्यालाच."

मग तो डब्याकडे हळूच एक नजर टाकायचा, रिकामा आहे की भरलेला. तिच्या लक्षात यायचं. तो का बघतोय हेही तिला माहीत होतं, आणि आपल्याला माहीत आहे हे त्याला माहीत नाही, याची एक बारीकशी गुदगुली तिला दिवसभर होत राहायची. ती डबा संपवू लागली.

"हल्ली जेवतेस बाई तू," आई घरी डबा घासताना म्हणाली. "आणि एकटीच हसतेस. त्या मशीनशी लग्न ठरवलंयस का?"

"ते मशीन तुला आवडणार नाही. फार किंचाळतं."

"मग शोभेल तुला."

असे दोन महिने गेले. आणि मग एका गुरुवारी वडिलांच्या पेटीत हे आलं:

'काका, एक विचारायचं आहे. पण ते असं लिहून विचारणं बरं नाही. रविवारी सकाळी घरी येऊ का? विषय तुमच्या मुलीचा आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. आधी तिलाच विचारायला हवं, हे मला कळतं. तीनदा ठरवून गेलो होतो. पण तिच्यासमोर बसलं की माझ्या तोंडून रंगांची नावं सोडून काही बाहेर पडत नाही. तुमची ओळख झाली म्हणून धीर आलाय. तुम्हाला योग्य वाटत नसेल तर एका ओळीत नाही म्हणा; मी परत विषय काढणार नाही. तिच्या दुकानातही येणार नाही.'

तिने उत्तराची खिडकी उघडली. 'या' एवढंच लिहायचं होतं. किंवा 'नको'. बोटं कीबोर्डवर ठेवून ती किती वेळ बसून राहिली.

आतापर्यंत तिने लिहिलेलं सगळं वडील कधी ना कधी बोलले होते. ती नुसतं आठवत होती. पण हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. ते काय म्हणाले असते? खूश झाले असते? की दोन दिवस गप्प बसून नुसती शेपटीची वळणं गिरवली असती? तिला माहीत नव्हतं. आणि 'या' म्हटलं तर ते बाबांचं उत्तर नसणार, तिचंच असणार, त्यांच्या सहीचं. तो माणूस रविवारी दारात उभा राहील. आरामखुर्ची रिकामी असेल. नंतर तो तिच्याकडे कधी नीट बघू शकेल का?

तिने मशीन बंद केलं. उत्तर दिलंच नाही.

*

शुक्रवारी संध्याकाळी आई मटार सोलत होती. ती समोर जाऊन बसली आणि मुठीतल्या शेंगांकडे बघत सगळं सांगून टाकलं. फॉर्मपासून रविवारपर्यंत. आई शेंगा सोलत राहिली. शेवटी म्हणाली, "दाखव मला."

तिने छापून आणलेले कागद दिले. आईने हात पुसले, चष्मा लावला आणि एकेक कागद वाचला. वाचताना मध्येच तिचे ओठ हलत होते. एका ठिकाणी ती हसली. मग तिने कागद नीट जुळवले, मांडीवर ठेवले आणि त्यांच्यावरून हात फिरवला.

"अक्षरांचं सगळं बरोबर लिहिलंयस," ती म्हणाली. "पण हे 'पोरी' काय? पोरी कधी म्हणाले ते तुला?"

ती शेंगेचं टोक मोडू लागली.

"तू टेबल मांडलंस त्या दिवसापासून साहेब म्हणायचे. कुणी येऊन विचारलं, कॉम्प्युटरवाले साहेब कुठायत, की ब्रशने तुझ्याकडे दाखवायचे. घरीसुद्धा तेच. साहेब, जेवायला चला. साहेबांना ताप आलाय." आई थांबली. "विसरलीस?"

"नाही," ती म्हणाली. "तेवढं… टाइप होत नाही माझ्याकडून."

आईने एक शेंग उचलली, पण सोलली नाही. 

"मुलगा कसा आहे?" थोड्या वेळाने आईने विचारलं.

"छत्री धरता येत नाही."

"ते शिकवता येतं." आईने कागद तिच्या हातात परत दिले. "त्याला जाऊन सांग. माझ्या नवऱ्याच्या नावावर परस्पर सासरेपण चालवतेस, लाज नाही वाटत? आणि हे बघ… तो गेला, नाही आला परत, तरी सांग. कुणीतरी एक माणूस ते घरी आहेत असं धरून बसलाय. मला त्याचीच कीव येतेय."

*

शनिवारी अकरा वाजता ती चष्म्याच्या दुकानात गेली. या दुकानात ती पहिल्यांदाच येत होती. भिंतभर चष्म्यांच्या चौकटी, सगळ्या रिकाम्या डोळ्यांनी बघणाऱ्या. चष्मेवाला तिला पाहून इतका गडबडला की हातातली चौकट त्याने चुकून स्वतःच्याच चष्म्यावर चढवली.

"डोळे तपासायचेत," ती म्हणाली.

त्याचा चेहरा उजळला. काकांनी पाठवलं, असं त्याच्या मनात आलं असणार. तिने नजर भिंतीवरच्या चौकटींकडे वळवली.

मागच्या अंधाऱ्या खोलीत त्याने तिला उंच खुर्चीवर बसवलं. नाकावर ती जड, गोल, लोखंडी चौकट ठेवली. तिच्या कानामागचे केस बोटाने बाजूला करून दांड्या बसवल्या. समोर पेटलेल्या फळीवर अक्षरं होती, वर मोठी, खाली बारीक होत गेलेली. त्याने एक काच घातली.

"आता?"

"धूसर."

दुसरी. "आता? आधीचं बरं की हे?"

"अजूनच धूसर. तुम्हीसुद्धा दिसत नाही."

"थांबा, बदलतो."

"नको," ती म्हणाली. "असंच राहू दे. मला काहीतरी सांगायचंय, आणि तुमचा चेहरा दिसला तर जमणार नाही."

समोरचा धूसर माणूस स्थिर झाला.

"उद्या घरी येऊ नका."

"…काकांनी सांगितलं तुम्हाला?"

"काका सांगू शकत नाहीत. बाबा गेले. तीन वर्षं होतील पुढच्या महिन्यात."

बाहेरच्या रस्त्यावरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"पण मंगळवारीच तर त्यांनी मला…"

"मी लिहिलं ते."

"गोल अक्षर चेपलेलं दिसतं म्हणून…"

"मी."

"आठव्यांदा रंग बदलून घ्या?"

"तेही मीच."

मग तिने बाकीचं सांगितलं. फॉर्म, सवय, चुकलेला पत्ता. कुठेही न थांबता, एखादं पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं. संपलं तेव्हा तो धूसर माणूस दोन पावलं मागे सरकला होता.

"मी माझ्या वडिलांबद्दल लिहिलं होतं त्यात," तो म्हणाला. "ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आणि ते तू वाचत होतीस. दुसऱ्या दिवशी समोर बसून मला विचारत होतीस, दिवसा दिवा कशाला!"

त्याने तिला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. आणि तेही रागात.

"हो," ती म्हणाली.

तेवढ्यात पुढच्या दाराची घंटी वाजली. तो बाहेर गेला. ती खुर्चीवर तशीच बसून राहिली, नाकावर ते लोखंड घेऊन, आणि पडद्याआडून आवाज ऐकत राहिली. एक म्हातारे गृहस्थ चष्म्याची तुटलेली दांडी घेऊन आले होते. या वेळी त्याच्यावर मी बसलो नाही, ही बसली, असं ते तक्रारीच्या सुरात सांगत होते, आणि 'ही' त्यांच्या शेजारूनच ते खोडून काढत होती. चष्मेवाला त्यांच्याशी नेहमीच्याच आवाजात बोलला. दांडी बसवून दिली. कान दुखतो का विचारलं. तिला वाटलं, आता हा परत येईल तेव्हा माझ्याशीही असाच बोलेल. सगळ्यांशी बोलतो तसा. नम्रपणे. नको, त्यापेक्षा ओरडू दे.

पडदा सरकला. त्याने येऊन तिच्या नाकावरची चौकट काढली, आणि ती डोळे मिचकावत असतानाच समोरच्या स्टुलावर बसला. त्याच्या हातात एक डबी होती. त्याचा स्वतःचा चष्मा खिशात होता, आणि डोळे तिच्यापेक्षा लाल होते.

"मला रागवायचंय," तो म्हणाला. "नीट, सावकाश रागवायचंय. पण ते नंतर. आधी… मला आजच कळलं ना. तुम्हाला तीन वर्षं झाली. मला आजच कळलंय की ते गेले."

हे तिच्या कधी ध्यानीमनी आलं नव्हतं. समोरच्याचा चेहरा पडण्याची तिला भीती होती, पण या माणसाचा चेहरा उगाच पडलेला नव्हता. त्याचं खरोखर कुणीतरी गेलं होतं. तिने समजूत घातली नाही. ती नुसती त्याच्याबरोबर बसली.

"हे काय आहे?" बऱ्याच वेळाने तिने डबीकडे बघत विचारलं.

"काही नाही. उद्या त्यांच्यासाठी आणणार होतो. नंबर माहीत नव्हता, म्हणून नुसती चौकट केली." त्याने डबी उघडली. तपकिरी रंगाची साधी चौकट होती, कडा हाताने घासून गुळगुळीत केलेल्या. "माप पण अंदाजानेच घेतलं. म्हटलं, मुलीचं नाक वडिलांवरच गेलं असेल."

तिने चौकट हातात घेतली, नाकावर ठेवून पाहिली. चपखल बसली.

"नाक आईचं आहे," ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहू लागलं. तीन वर्षं साठलेलं सगळं. तो उठला नाही, रुमाल शोधला नाही, फक्त स्टूल अर्धा हात पुढे घेतलं.

"मग त्यांचं कसं होतं?" त्याने विचारलं.

"रुंद. मध्ये एक उंचवटा. लहानपणी शिडीवरून पडले होते."

त्याने चौकट घेतली, शेजारचा छोटा दिवा लावला, चौकटीचा मधला भाग त्याच्या ज्योतीवर शेकला आणि अंगठ्यांनी हळूच फाकवला. "एवढा?"

"अजून."

"एवढा?"

"हं… हो. एवढाच. आणि डावा कान उजव्यापेक्षा खाली होता. ब्रश खोचून खोचून वाकलाय, असं आई म्हणायची."

त्याने डावी दांडी वाकवली. बाहेर ऊन पडलं होतं. पडद्याच्या फटीतून त्याची एक रेघ त्याच्या मनगटावर आली होती.

"मी उद्या येणारच आहे," तो चौकटीकडे बघतच म्हणाला. "आईंना भेटायला. फक्त… विचारायचं कुणाला, ते आता कळत नाही."

"जिला विचारायला तीनदा गेला होतात, तिला."

त्याचे हात थांबले. त्याने खिशातून चष्मा काढून डोळ्यांवर चढवला, आणि तिच्याकडे पाहिलं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही.

"निळा," तो म्हणाला. "हिरवा. पिवळा…"

"हो," ती म्हणाली. "माझं हो आहे."

शेजारी अजून दिवा जळत होता. मग त्याने चौकट पुन्हा हातात घेतली.

"भुवया कशा होत्या?"

"भुवया?" तिने डोळे पुसले. "भुवया कशाला लागतात चष्म्याला?"

"चष्म्याला नाही," तो म्हणाला. "मला हव्यात."